दावणीचे जनावर कुणाचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोर्टाचे कामकाज आटोपून मी आवाराबाहेरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. पासष्टीच्या पुढचे एक गृहस्थ जवळ आले. "जयभीम, वकीलसाहेब." मी म्हणालो, "जयभीम बाबा, बसा." ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी विचारले, "माझ्याच गोठ्यातला गोऱ्हा हाय. माझ्याच गायीचा. त्यो म्या घरच्यांसाठी कापला तर मला आत टाकतील का?"

मी म्हणालो, "होय बाबा. पाच वर्षांपर्यंत."

"अन् न्हाई कापला तर त्याला खाऊ कोण घालील?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. दुसऱ्या प्रश्नाचे नाही. म्हणून आजचा हा लेख.

बाबांची हकीकत अशी. ते मराठवाड्यातल्या एका खेड्यातले भूमिहीन बौद्ध शेतमजूर. काही वर्षांपूर्वी अनुसूचित जातींसाठीच्या योजनेतून त्यांना दुधाळ जनावरांचा गट मिळाला. त्यात ७५ टक्के अनुदान असते, उरलेले लाभार्थ्याने भरायचे. जरशी संकराच्या दोन गायी घरी आल्या. सरकारी दवाखान्यात कृत्रिम रेतन झाले, गाय व्याली आणि गोऱ्हा झाला. निसर्गाचा हिशेब सरळ आहे, दोनातले एक वासरू नर असते. गोऱ्हा मोठा झाला. त्याला वशिंड नाही, त्यामुळे खांद्यावर जू नीट बसत नाही. उन्हात तो धापा टाकतो. औत ओढण्यासाठी तो कुणाला नको आणि बाबांना तर औत धरायला शेतच नाही. बाजारात नेला तर व्यापारी हात लावीना. कापण्यासाठी विकणे गुन्हा, कापण्यासाठी घेणे गुन्हा, त्यासाठी राज्याबाहेर नेणे गुन्हा. जवळच्या एका गोशाळेत नेला तर तिथल्या माणसांनी ठेवून घेण्यासाठी वैरणीचे पैसे मागितले. रात्री रानात सोडून द्यावा तर कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडे. आकड्यांवरून मालक सापडतो.

एवढ्या सगळ्या वाटा बंद झाल्यावर त्या माणसाच्या मनात आपल्या आजोबा-पणजोबांना कधी सुचला नव्हता असा एक विचार आला. जनावर आपले आहे, आपण ते आपल्या घासातला घास काढून पोसले आहे, तर निदान आपल्या लेकरांच्या ताटात तरी पडू दे. यात पाप काय आणि गुन्हा काय?

आता कायदा बघू. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा मूळचा १९७६ चा. त्या वेळी बंदी होती ती गायीच्या कत्तलीवर, आणि गायीत वासरूही धरले होते. शेतीला वा पैदाशीला निकामी झालेला बैल, वळू, म्हैस यांना सक्षम अधिकाऱ्याचा दाखला घेऊन कापता येत असे. १९९५ साली युती सरकारने दुरुस्ती विधेयक मंजूर केले. ते राष्ट्रपतींच्या संमतीविना वीस वर्षे पडून राहिले आणि २०१५ च्या मार्चपासून अमलात आले. आता गाय, वळू, बैल यांपैकी काहीही कापता येत नाही, मग ते म्हातारे असो, लंगडे असो की कामाचे नसो. कलम ५ ची शब्दरचना वकिलाच्या डोळ्यांनी वाचा. इतर कोणताही कायदा काहीही म्हणो, कोणतीही रूढी वा वहिवाट काहीही असो, राज्यात कोणत्याही ठिकाणी हे जनावर कापता येणार नाही, असा तिचा आशय आहे. 'कोणत्याही ठिकाणी' म्हणजे कत्तलखान्यातही आणि बाबांच्या अंगणातही. विक्रीसाठी कापले की घरच्या चुलीसाठी, हा भेद कायदा करत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

२०१५ मध्ये या कायद्यात आणखी एक कलम आले होते, ५-ड. दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे कापलेल्या गोवंशाचे मांस महाराष्ट्रात नुसते जवळ बाळगणेही त्याने गुन्हा ठरवले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने न्या. ओक आणि न्या. गुप्ते यांच्या निकालाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्याबरोबर आपले निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे, असे सांगणारे ९-ब हे कलमही रद्द केले. नागरिकाने आपल्या घरात काय खावे यात राज्याने नाक खुपसू नये, अशा आशयाची भूमिका न्यायालयाने घेतली. आपण सर्वांनी तेव्हा त्या निकालाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. या भागाविरुद्ध राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, हेही लक्षात ठेवावे. पण त्याच निकालाने कलम ५ मात्र वैध ठरवले. महाराष्ट्रात कापायला बंदी कायम राहिली.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. मुंबईतल्या एखाद्या उच्चभ्रू फ्लॅटच्या फ्रीजमध्ये परराज्यातून थंड डब्यात आलेले गोमांस असेल, तर तो त्या माणसाचा खासगीपणाचा हक्क झाला. उच्च न्यायालय त्याच्या दाराशी उभे राहून सरकारला म्हणते, आत जाऊ नका. पण आमच्या बाबांनी स्वतःच्या दावणीला बांधलेले, स्वतः चारापाणी केलेले जनावर स्वतःच्या लेकरांसाठी कापले, तर तोच घास गुन्हा होतो. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला खाण्याचा हक्क मिळाला. ज्याच्याजवळ पैसा नाही, फक्त एक जनावर आहे, त्याला मिळाला नाही. हा भेद न्यायाधीशांनी मुद्दाम केला, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्यासमोर कलमे आली, त्यांनी कलमे तपासली. पण निकाल खाली खेड्यात उतरता उतरता त्याचे काय होते, हे आपण नाही बघायचे तर कुणी बघायचे?

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला स्वतःला लाज वाटते, पण कायद्याचा शब्द तोच आहे. कलम ५-क प्रमाणे या कायद्याचा भंग करून कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा आहे. 'कापलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. जे जनावर कापलेच नाही, आपोआप मेले, त्याचे काय? अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ते मांस विकता येत नाही. पण मालकाने ते घरी खाल्ले तर हा कायदा त्याला हात लावत नाही. म्हणजे बाबांनी गोऱ्हा तरणाताठा असताना कापला तर पाच वर्षे तुरुंग. तोच गोऱ्हा उपासमारीने, रोगाने, पाय घासून मेला आणि मग बाबांनी खाल्ला, तर कायद्याची हरकत नाही.

बंधूंनो, याला आपल्या भाषेत काय म्हणतात? मुरदाड!

ज्या अन्नापासून आपल्याला सोडवण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत हजारो लोकांना कळकळीने सांगितले, त्याच अन्नाची वाट २०१५ च्या कायद्याने मोकळी ठेवली आहे. ताजे, निरोगी, स्वच्छ मांस खाण्याची वाट तेवढी बंद केली आहे. वतनदारी व्यवस्थेचा नियम तरी वेगळा काय होता? जिवंत जनावर पाटलाचे, मेलेले महाराचे. दूध त्याचे, औत त्याचे, शेण त्याचे, आणि जनावराने मान टाकली की निरोप यायचा, ओढून न्या. त्याला 'हक्क' म्हणायचे! वरून त्याच हक्काबद्दल आम्हाला अपवित्र ठरवायचे. मेलेल्यावर आमचा हक्क होता, जिवंतावर कधीच नव्हता.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाची मीमांसा करताना नेमके यावरच बोट ठेवले आहे. वस्तीबाहेरच्या फुटलेल्या, पांगलेल्या माणसांकडे स्वतःची गुरे नव्हती. गुरे स्थिर वस्तीतल्या लोकांची. त्यांच्या वाट्याला आले ते मेलेले जनावर. आपल्यातले पुष्कळ लोक त्या ग्रंथाचा सारांश 'गोमांस खाल्ले म्हणून अस्पृश्य झाले' एवढाच सांगतात. मालकीची गोष्ट वगळतात. गुरे कुणाच्या दावणीला होती, हा प्रश्न त्या मीमांसेत सुरुवातीपासून आहे.

माझे आजोबा १९५६ च्या धर्मांतरानंतर ढोरे ओढायचे बंद झाले. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. पण गावाने आधीच त्याचे उट्टे काढले होते. सुगीत काम नाही, दळणाला गिरणी नाही, विहिरीचा रस्ता बंद. आजी सांगायची, ते पहिले वर्ष कसे काढले ते आमचे आम्हाला माहीत. त्याच आजीच्या बोलण्यात चान्यांची आठवणही यायची. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावून दोरीवर वाळत घालायच्या, कडक झाल्या की मडक्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात काम नसायचे तेव्हा निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या, नाहीतर कालवणात टाकायच्या. त्या चान्या मेलेल्या जनावराच्या होत्या, हे ती कधी लपवीत नसे. मी एकदा विचारले, चव कशी लागायची गं? ती म्हणाली, भुकेला चव नसती बाळा. वर म्हणाली, आपलं सोताचं, धडधाकट जनावर असतं तर इचारायचास.

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या या सगळ्या स्वयंपाकाची नोंद केली, हे फार मोठे काम झाले. ते पुस्तक आमच्या घरात सगळ्यांनी वाचले. वाचताना मला राहून राहून आजीचे ते शेवटचे वाक्य आठवत होते. या स्वयंपाकामागे स्वतःचा गोठा नव्हता.

आज, दोन पिढ्यांनंतर, आमच्या काही माणसांच्या दारात पहिल्यांदा स्वतःचे जनावर उभे आहे. ते खाण्यासाठी पाळायचे म्हटले तर काय लागते? तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडी वैरण लागते. पाणी, सावली, खुरकुताची लस, गोचिडाचे औषध वेगळे. कापल्यावर साधारण निम्मे वजन धड म्हणून हाती येते, म्हणजे दीडशे किलो, त्यात हाडेही आली. सहा माणसांचे घर हे एका बैठकीत संपवू शकत नाही. म्हणून घरी पाळलेले मोठे जनावर एका घराचे राहतच नाही, त्याचे वाटे पडतात. आज माझे कापले, तुम्हाला वाटा दिला. सहा महिन्यांनी तुमचे कापाल, मला वाटा द्याल. राहिलेले वाळवायचे. वझडी, रक्ती, पाय, डोके, काही वाया जात नाही. बोकड परवडत नाही अशा घरालाही वर्षातले काही महिने आठवड्यातून एकदोनदा कालवण मिळते. पोल्ट्रीची कोंबडी आज खेडोपाडी पोचली आहे हे खरे, पण तिला रोख पैसा लागतो. दारातल्या जनावराला मेहनत लागते, आणि मेहनत हीच आमच्या माणसाजवळची एकमेव ठेव आहे.

हे लाड नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांच्या आणि ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. यात सगळ्यात खाली कोण आहे ते सांगायला आकडे लागत नाहीत, आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत एक चक्कर पुरे. सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. त्याच्या चारच महिने आधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, त्याच सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले होते आणि गोशाळेतल्या प्रत्येक देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केले होते. मी गायीला वैरण मिळण्याच्या विरोधात नाही. पण बाबांच्या दावणीच्या जनावराला एक छदाम नाही. कारण ते गोशाळेत नाही, एका मजुराच्या अंगणात आहे. शिवाय ते जरशी आहे. म्हणजे कत्तलबंदीसाठी ते गोवंश, अनुदानासाठी नाही!

मेलेल्याची किंमत मात्र मिळते. २०२२ मध्ये लम्पी रोगाची साथ आली तेव्हा मृत गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये भरपाई दिली गेली. त्या वेळी ती गरजेचीच होती. पण बघा, मालक म्हणून बाबांना सरकारने मोजले ते जनावर मेल्यावर.

आणि वैरण आणायची कुठून? गावच्या गायरानात आमच्या लोकांनी पोटासाठी वखर घातला. राज्य सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. त्या कागदावर किती जणांचे सातबारे झाले, ते माझ्या कपाटातल्या फायलींना विचारा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका प्रकरणात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले, त्यानंतर इथेही धोरण कडक झाले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गायरानांचा विषय आला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. आम्ही जमीन मागितली की सांगतात, ती गायीसाठी राखीव. आमच्या गायीला चारा मागितला की सांगतात, जमीन कुठाय?

आता आपल्यातल्या आक्षेपांकडे वळू, कारण हा लेख वाचून पहिले फोन आपल्याच लोकांचे येणार आहेत.

एक आक्षेप असा, की हा खाटकांचा, मुसलमानांचा प्रश्न आहे, आपण कशाला पडायचे? ज्यांना असे वाटते त्यांनी ११ जुलै २०१६ चे उना आठवावे. तिथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आपल्याच भावंडांना गाडीला बांधून मारले. मेलेल्यावरचा तो जुना 'हक्क'ही आता सुरक्षित नाही. दादरीला २८ सप्टेंबर २०१५ रोजी एका माणसाला मांसाच्या संशयावरून घरातून ओढून ठार मारले. जून २०२३ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यात अशाच संशयावरून दोन माणसे जिवानिशी गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत एका वृद्धाला डब्यात मांस आहे म्हणून मारहाण झाली. लाठी चालवणारा आधी नाव विचारतो, मग मारतो. आपल्या नावावर ती येणार नाही, असे समजणे भोळेपणाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. आपण बौद्ध आहोत. पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून विरतीचे आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दयेची प्रतिज्ञा आहे. मग हाताने पोसलेले जनावर हाताने कापायचे समर्थन बौद्ध माणूस कसे करतो? माझ्या ओळखीच्या एका भन्तेजींनी मला हे तोंडावर विचारले आहे. मी त्यांना बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची आठवण दिली. तिथे बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्धाने निषेध केला तो गरज नसताना केवळ मारण्याच्या इच्छेने केलेल्या हिंसेचा, आणि शील हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. भन्तेजींचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, गरज कुणी ठरवायची? हा प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती ठरवण्याचा विवेक ज्याच्या घरात चूल पेटायची आहे त्याच्याकडे असावा, ठाणेदाराकडे नव्हे. ज्यांना शीलापोटी मांस सोडायचे आहे त्यांनी जरूर सोडावे. मी स्वतः गेली दहा-बारा वर्षे मोठ्याचे मांस खात नाही. मला ते डॉक्टरांनी सोडायला लावले, शीलाने नव्हे, हेही कबूल करतो.

तिसरा आक्षेप विरोधक घेतात आणि आपले तरुण त्याला निरुत्तर होतात. 'गोहत्याबंदी तुमच्या बाबासाहेबांनीच घटनेत घातली ना?' मित्रांनो, अनुच्छेद ४८ नीट वाचा. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी ही दुरुस्ती मांडली आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी ती स्वीकारली. पण ती आली कोणत्या रूपात? शेती व पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करावे, हे तिचे पहिले वाक्य. त्याखाली गायी, वासरे, दुभती व ओढकामाची जनावरे यांचे जतन. देवत्वाचा शब्द त्यात नाही. तोही मूलभूत हक्कांमध्ये नव्हे, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. त्याच चर्चेत झेड. एच. लारी यांनी सुनावले होते, की धार्मिक कारणाने बंदी हवी असेल तर सरळ तसे म्हणा. तसे म्हणायची तयारी नव्हती, म्हणून शास्त्राचा आधार घेतला. मग आज आम्ही विचारतो, जे जनावर दूध देत नाही आणि जू घेत नाही, त्याला मरेपर्यंत एका मजुराच्या माथी मारणे यात शास्त्र कोणते?

सर्वोच्च न्यायालयानेही १९५८ साली महंमद हनीफ कुरेशी प्रकरणात हेच धरले होते, की गायीवर पूर्ण बंदी चालेल, पण निकामी झालेल्या बैलांवर सरसकट बंदी चालणार नाही. २००५ मध्ये मिर्झापूर मोती कुरेशी प्रकरणात सात न्यायाधीशांपैकी सहा जणांनी ती भूमिका बदलली. म्हातारे जनावरही शेण-मूत्र देते, म्हणून ते निरुपयोगी नाही, असे म्हटले. न्या. माथुर यांनी एकट्याने वेगळे मत दिले. या दोन्ही प्रकरणांत दाद मागणारे होते ते कसाई व्यावसायिक, आणि मुख्य प्रश्न त्यांच्या धंद्याच्या स्वातंत्र्याचा होता. २०१६ च्या प्रकरणात खाण्याच्या निवडीचा प्रश्न आला, पण तो प्रामुख्याने खाणाऱ्याच्या बाजूने. जनावराला रोज वैरण टाकणाऱ्याची बाजू, घरच्यासाठी पाळणाऱ्या भूमिहीनाची बाजू, त्याच्या नावाने आणि त्याच्या हिशेबासकट कोर्टापुढे ठेवायची राहिली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर तर ती ठेवायलाच हवी.

राज्यघटना एकच आहे आणि अनुच्छेद ४८ ही एकच आहे. पण केरळात अशी बंदी नाही. नागालँड, मिझोराम, मेघालयात घरची गुरे घरच्यांनी आणि वस्तीने खाणे हा गुन्हा नाही. पश्चिम बंगालात दाखल्याने परवानगी मिळते. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना बघा. बंगालातले गोधन सुमारे १ कोटी ६५ लाखांवरून १ कोटी ९० लाखांवर गेले. महाराष्ट्रातले १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आले. मधल्या दुष्काळांचाही यात वाटा आहे, सगळे खापर कायद्यावर फोडणे वकिलाला शोभत नाही. पण कापायला बंदी घातली की गोधन वाढते, हा दावा तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

कुणी हा कायदा मोडावा, असे मी सांगत नाही. वकील म्हणून सांगू शकत नाही आणि कार्यकर्ता म्हणून सांगणार नाही, कारण जमाव दारात येतो तेव्हा वकील उशिरा पोचतो. आज कायदेशीर काय आहे ते मात्र प्रत्येकाला माहीत असावे. शेळी-बोकड, कोंबडी घरी पाळून घरी खाता येते. म्हैस आणि तिचे पारडू याला कलम ६ चा दाखला लागतो आणि नेमून दिलेल्या जागीच कापावे लागते, अंगणात नाही. गाय, बैल, वळू, वासरू यांना हात लावू नये.

मागायचे काय? १९७६ च्या मूळ कायद्यात होती ती दाखल्याची तरतूद वळू-बैलांसाठी परत आणावी आणि घरगुती वापरासाठी, गावातच, पशुवैद्यकाच्या तपासणीने दाखला मिळावा. सरकारला ते मान्य नसेल तर ज्याला नर वासरू नको आहे त्याच्याकडून ते बाजारभावाने सरकारने विकत घ्यावे. नाहीतर गोशाळेला मिळतात तेच ५० रुपये रोज त्याच्या खात्यावर टाकावेत. श्रद्धा तुमची असेल तर खर्चही तुमचा असू द्या. योजनेत गायी वाटणाऱ्या खात्याने, गोऱ्हा झाला तर काय करायचे, हे त्याच अर्जावर छापावे. आपल्या वकील मंडळींनीही सर्वोच्च न्यायालयात या बाजूने हस्तक्षेप अर्ज टाकण्याचा विचार करावा, मी माझ्यापरीने कागद जमवायला लागलो आहे.

बाबांना त्या दिवशी मी एवढेच सांगितले, की गोऱ्ह्याला हात लावू नका, मी तहसीलला आणि पशुसंवर्धन खात्याला अर्ज करून देतो. अर्ज केले. पोच मिळाली, उत्तर नाही. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. गोऱ्ह्याने चारा सोडलाय, चार दिवस झाले उठत नाही. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. मी विचारले, मग आता?

"आता काय साहेब. सकाळी सरपंचाचा माणूस येऊन गेला. म्हनला, मेला तर रस्त्याच्या कडंला टाकू नका, तुमच्या वस्तीतल्या पोरांनाच सांगा वढून न्यायला."

मी त्यांना म्हणालो, बाबा, कुणीही ओढणार नाही. ग्रामपंचायतीला आजच लेखी द्या, मी मजकूर सांगतो, लिहून घ्या. घरात पेन नव्हता. नात शाळेतून येईपर्यंत थांबा म्हणाले. संध्याकाळी तिने फोन लावला आणि आम्ही अर्ज लिहिला.